करंगळीला जाग येईपर्यंत

विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावरून शहर धुमसत होतं, तरी चिकलठाण्याचे कारखाने चालूच होते. मी सिल्लोडकडचा, मेंढपाळाच्या घरातला. पत्रा कापायच्या खात्यात नुकताच कायम झालो होतो. त्या दुपारी पत्र्यांची चळत घसरली आणि एका पत्र्याची धार माझ्या उजव्या मनगटात, करंगळीच्या बाजूनं, खोल गेली.

रक्तापेक्षा भीती वाटली ती करंगळीची. डाव्या हातानं दाबून पाहिली, तर दुसऱ्याच कुणाचं बोट दाबल्यासारखं लागलं.

बंदमुळं कारखान्याची गाडी आलीच नव्हती. माझ्या जोडीदार कामगारानं टॉवेल करकचून बांधला आणि स्वतःची सायकल काढली. तो दलित वस्तीतला, नामांतराच्या मोर्च्यांत पुढं असणारा. खात्यात सगळ्यांना ते माहीत होतं.

"तू नको येऊ," मी म्हणालो. "रस्त्यात कोण भेटंल, नेम नाय."

"गप बस मागं. हात वर धर."

जालना रोडवर दगडांचा खच पडला होता. एका चौकात काठ्या घेतलेल्या टोळक्यानं सायकल अडवली.

"आडनाव सांग," एकानं त्याला दरडावलं.

त्याचे खांदे ताठ झालेले मला मागून दिसले. तो खोटं बोलायचा नाही, हे मला ठाऊक होतं. त्याच्या आधी मीच ओरडून माझं आडनाव आणि गाव सांगितलं. "भाऊ हाय माझा! हात तुटायलाय, दिसंना का तुमाला?"

रक्त कोपरापर्यंत उतरलं होतं. त्यांच्यातला एक वयस्क माणूस आधी माझ्याकडं, मग त्याच्याकडं बघत राहिला. काठी हँडलवरच टेकलेली. शेवटी तो म्हणाला, "जाऊ द्या रे."

दवाखान्याच्या फाटकाशी उतरल्यावर जोडीदार म्हणाला, "माझं नाव मला सांगू द्यायचं होतंस."

मी हात वर धरूनच आत गेलो.

डॉक्टरांनी करंगळीवरून कापूस फिरवला. "कळतं?"

"नाय."

"बोटं फाकव."

फाकेनात. मज्जातंतू तुटला होता. तो शिवून ते म्हणाले, "मनगटाकडून बोटाकडं हा मुंगीच्या चालीनं वाढतो. पार टोकापर्यंत पोचेलच असं नाही."

पुढं कित्येक महिने शर्टाचं बटण लागेना. एकदा करंगळी चहाच्या पातेल्याला टेकली, फोड आल्यावर मला कळलं. जेवणाच्या सुट्टीत जोडीदार, डॉक्टर तपासताना करायचे तसा, व्रणापासून तळहातावर बोटानं ठोकत जायचा; मज्जातंतू जिथवर वाढलाय तिथं ठोकलं की मुंग्या यायच्या. "मुंग्या कुठवर आल्या?" मी जागा दाखवायचो. कधी ती पुढं सरकलेली असायची, कधी तिथंच अडलेली.

वर्ष उलटल्यावर मुंग्या करंगळीच्या मुळाशी पोचल्या. मग थंड-गरम कळू लागलं, बारीक स्पर्श मात्र परत आला नाही. दोन बोटं अजून वाकडीच आहेत. मला कापणीवरून काढून माल तपासायला बसवलं. जोडीदार वाळूजच्या एका नव्या कारखान्यात गेला. जायच्या आदल्या दिवशी आम्ही एकत्र जेवलो. मी उजव्या हातानं कशीबशी भाकरी मोडली. त्यानं कांदा फोडला आणि अर्धा माझ्याकडं सरकवला.