उजव्या बाजूची फळी

ती निळी नाव आणि तिच्यात पुढे उजवीकडे बसलेली बाई, दोघी मला आजही जशाच्या तशा आठवतात.

तेव्हा मी पवनीकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. गोंदिया जिल्हा वेगळा होऊन बरीच वर्षं झाली होती. धरणाच्या पाण्याने वैनगंगा इतकी पसरली होती की वल्ह्याच्या डोंग्याने पलीकडची जाळी गाठणं मासेमारांना जड जात होतं. एका जोडप्याने यावर उपाय काढला. सागवानी फळ्या आणि प्लायवूड जोडून, सांधे डांबराने बुजवून त्यांनी घरच्या अंगणात नाव बांधली. शेतातल्या पंपाचं जुनं इंजिन भंगारातून आणून तिला बसवलं आणि लांब दांड्याच्या टोकाला पंखा लावला. ही नाव घाटावरून चोरीला गेली.

मासेमार संस्थेने त्यांना दूरच्या पाण्यातला वाटा दिला होता. जाळी वेळेत पडली नाहीत तर वाटा दुसऱ्याकडे जाणार होता.

गुन्हा दाखल केला आणि खबरे कामाला लावले. खबर आली ती चहाच्या टपरीवरून. "साहेब, पल्याडच्या गावात एक नाव बांधून हाय. रंग ताजा हाय, पन पाण्यात काही फिरून नाही राहिली. मालक गिऱ्हाईक पाहून राहिला." फिरत नसलेल्या मोटारनावेला कोण रंग देतं? आम्ही पंच घेऊन गेलो, नाव जप्त केली, ओढत आमच्या घाटावर आणली आणि त्या इसमाला ठाण्यात बसवलं.

विचारपूस करताना माझा क्रम ठरलेला असे : वस्तू कोणाची, कशाची, कोणी पाहिली. गडी पक्का होता.

"कोणी बांधली?"

"म्या."

"लाकूड?"

"सागवान."

नाव डोळ्यांसमोर ठेवून फिरलेला माणूस एवढं सांगणारच. इंजिनावरची क्रमांकाची पट्टी गायब होती. बिलाचं विचारताच तो हसला. "बिल त त्याच्यापाशी बी नाही अन् माह्यापाशी बी नाही. आता काय करता, साहेब?"

बाहेर व्हरांड्यात फिर्यादी मान खाली घालून बसला होता. मी बाहेर येताच त्याची बायको मात्र उठून पुढे आली. "साहेब, नाव आमचीच हाय. मी बसल्याबिगर थे सिधी चालतच नाही."

हवालदार हसला. "बाई, नाव हाय का बैल?"

"बैल परवडला असता, भाऊ. थ्याले दोरी तरी असते."

मी फिर्यादीला विचारलं, असं कसं? तो म्हणाला, "डोंग्यात बाप डाव्या अंगानं वल्हं मारे. तोच हात बसला, म्हनून इंजिन बी डाव्या कोपऱ्यात बसवलं. उजवं अंग जाळं ओढाले मोकळं पायजे ना. मंग वजनाले हिले पुढं उजवीकडे बसवतो."

हे मी आरोपीसमोर बोललो नाही. सरळ सगळ्यांना घाटावर नेलं. पंच होते, फुगवलेल्या ट्यूब होत्या, दोन पट्टीचे पोहणारे डोंग्यात तयार ठेवले. बातमी पसरली आणि काठावर गाव जमलं.

"तुझी नाव आहे ना? चालवून दाखव," मी आरोपीला म्हटलं.

त्याने ऐटीत दोरी ओढली. इंजिन धडधडलं, नावेचं तोंड वर उचललं, डावा कोपरा खाली बसला आणि नाव उजवीकडे गरकन वळली. मागून पाणी आत आलं. त्याने घाईने इंजिन बंद केलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच.

"आज हवा लय हाय," तो ओरडला.

"हवा तुह्या डोक्यात हाय, बुवा!" काठावरून उत्तर आलं.

पाणी उपसून नाव फिर्यादीला दिली. त्याने बायकोकडे पाहिलं. "ये वं."

तिने पदर खोचला, पुढे उजवीकडे जाऊन बसली आणि लगेच कपाळाला आठी घातली. "माही बसाची फळी कुठं गेली?"

इंजिन सुरू झालं. नाव दोरी ताणल्यासारखी सरळ गेली, मध्यावर वळली आणि परत आली. काठ जवळ येताच त्याने इंजिन बंद केलं. उरलेल्या वेगाने नाव अलगद घाटाला येऊन टेकली. घाटावर टाळ्या पडल्या. हवालदारही टाळ्या वाजवत होता. मी त्याला रोखलं नाही.

मी आरोपीकडे वळलो. "हिची फळी कुठे आहे?"

तो खाली बसला. "मले वाटलं अडचन हाय, म्हनून काढली. घरी आंघोळीले पाट केला, साहेब."

त्याचं निवेदन पंचांसमक्ष नोंदवून त्याच्या घरी गेलो. न्हाणीत ओली फळी होती आणि छपरात खोचलेली इंजिनाची पट्टी. घाटावर परतून नावेचा ताजा निळा रंग खरवडला तेव्हा खाली स्क्रूची भोकं दिसली. फळी त्यांवर बरोबर बसली.

न्यायालयाच्या आदेशाने नाव सुपुर्दनाम्यावर परत दिली. हंगाम वाचला. कारकुनाने नवऱ्यापुढे कागद सरकवला, तेव्हा बाई म्हणाली, "माही सही काहून नाही? नाव सिधी त माह्यानं चालते."

नियमात एक सही पुरते. मी दोन घेतल्या.

फिर्याद ज्याच्या नावाने असते, त्याच्याकडेच सगळी माहिती असते असं नाही, हे त्या नावेने मला शिकवलं. पुढे प्रत्येक गुन्ह्यात माझ्या क्रमात एक प्रश्न वाढला : इथे आणखी कोण बसत होतं?

त्या दिवशी ती दोघं घाटावरूनच जाळी लावायला निघाली. फळी जागेवर होती, बाई फळीवर होती आणि नाव सरळ चालली होती.