पेन्याब्लांदाचे मार्किस आणि घड्याळाची किल्ली

माद्रिदला सरकार पडलं की फुएन्तेर्रुबिया गावचं घड्याळ चुकायला लागायचं. उदारमतवाल्यांचं सरकार असलं की नगरपालिकेच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाची किल्ली कासियानोकडे. पुराणमतवाले आले की त्याच्या मेहुण्याकडे, तोरिबिओकडे. महापौरापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे बदलायचे, तिथं घड्याळवाला कोण लागून गेला! नव्या माणसाचा काट्यांवर हात बसेपर्यंत गाव अंदाजानंच जेवायचं.

कासियानोचं नशीब गावचे सरदार डॉन गुन्देमारो, मार्किस दे पेन्याब्लांदा, यांच्या कोटाला शिवलेलं. मार्किसांनी गावातर्फे संसदेत उभी हयात काढली आणि तोंड एकदाच उघडलं, "खिडकी लावा" म्हणायला. तेही कामकाजात नोंदलं गेलं आणि गावानं बँड वाजवला. राजासमोर डोक्यावर टोपी ठेवायचा त्यांच्या घराण्याला मान होता. त्या टोपीच्या जोरावर ते एकदा मंत्रीही झाले, पण खातं कुठलं हे कळायच्या आत सरकार पडलं. माणूस मात्र लोण्यासारखा. कासियानोच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला जातीनं आले आणि शेजारणीच्या पोराला आशीर्वाद देऊन गेले.

कासियानोला एका जागी बसवत नसे. माद्रिदची बातमी आणणाऱ्या टपालगाडीची घंटा ऐकली की चमचा खाली.

"अहो, लसणाचं सूप निवतंय! सरकार काय तुमच्या खिडकीत बसण्यानं टिकणारे?" त्याची बायको ओब्दुलिया म्हणायची.

शेवटी तो मार्किसांच्या पायाशी गेला. "हुजूर, मला एकदाचं कायम करा."

"अरे, मीच कुठं कायम आहे?" मार्किस म्हणाले आणि विचारात पडले. विचार करायची सवय नसल्यानं त्यांनी तो लगेच अमलातही आणला. पुराणमतवाल्यांचं सरकार तेव्हा भक्कम होतं, ते आपला उदारमतवादी पक्ष सोडून त्यांच्यात गेले. मागोमाग कासियानोही. "मार्किस इकडे, तर मी तिकडे!" म्हणून तोरिबिओ रागानं उदारमतवादी झाला.

नव्या पक्षाला खूश करायला मार्किसांनी आयुष्यातलं पहिलं भाषण ठोकलं. ते इतकं लांबलं की त्यांच्याच पक्षाचे लोक कंटाळून जेवायला गेले. तेवढ्यात मतदान झालं आणि सरकार कोसळलं.

मार्किस गावी परतले. उदारमतवाले आले आणि तोरिबिओ आता त्यांच्यातलाच, म्हणून किल्ली त्याच्याकडेच राहिली. चौकातल्या बाकावर मार्किस आणि कासियानो, दोघे बेकार, शेजारी शेजारी बसत. घड्याळात टोले पडले की कासियानो तडफडे. "चुकलं हुजूर! परत चुकलं!"

एका सकाळी तोरिबिओ लंगडत आला. "दाजी, गुडघे गेले माझे. हुद्दा माझा, पाय तुमचे. चढता का वर?"

"लाज नाही वाटत रे?"

"वाटते की! पण लाजेनं जिना चढवत नाही."

"खबरदार गेलात तर," ओब्दुलिया ओरडली, "माझा भाऊ असला म्हणून काय झालं!" तोवर किल्ली कासियानोच्या मुठीत होती.

सरकार टिकलं तर मेहुण्याचे गुडघे होते, पडलं तर हुद्दा आपलाच. दोन्हीकडून किल्ली त्याचीच. वर जाऊन त्यानं काटे जागेवर आणले. आता तरी जिवाला स्वस्थता यावी की नाही? टपालगाडीची घंटा वाजली तसा तो किल्ली अर्धवट सोडून झरोक्याकडे धावला.

खालून मार्किसांनी टोपी सावरत हाक दिली, "काय रे, पडलं का?"

"कुणाचं पडायला हवंय, हुजूर?"

आपण हल्ली कुठल्या पक्षात आहोत, ते मार्किसांनी बराच वेळ आठवून पाहिलं.