चुलवाण कोण बुजवणार

कारवारकडं अणुविजेचा कारखाना होणार अशी बातमी ऐंशीच्या दशकात आली, आणि बेळगावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणारा मी एकदम विद्वान झालो. जो तो मलाच विचारू लागला. एका रविवारी दुपारी निपाणीजवळच्या माझ्याच गावात, शाळेच्या पडवीत, फळ्यावर अणू काढून मी भाषण ठोकलं. माझा थोरला भाऊ, अण्णा, पुढंच बसला होता.

भाषण संपल्यावर आमच्या बांधाला लागून शेत असलेली आक्का उठली. साठीची बाई, सुनेला घेऊन शेत करायची.

"मास्तर, गुऱ्हाळ उठलं की चुलवाण बुजवत्यात. ज्यानं खणलं त्यानं. तुमचा ह्यो कारखाना बंद पडल्यावर कोण बुजवनार? त्येचा खर्च कुनी सोसायचा? वीज नेनाऱ्यानं, का शेजाऱ्यानं?"

चुलवाण म्हणजे गूळ शिजवायला जमिनीत खणलेली भलीमोठी चूल. ती न बुजवता गुऱ्हाळ हलवणं म्हणजे आमच्याकडं उष्टं ताट तसंच टाकून उठणं.

माझ्या पुस्तकात कारखाना कसा चालतो तेवढंच होतं, कसा बंद करायचा ते नव्हतं. "मला ठाऊक नाही" म्हणायला काय झालं होतं? पण गावात मिरवायची हौस दांडगी. मी म्हणालो, "आक्का, तो बंद पडेपर्यंत तुम्ही कुठं असणार आहात? आधी वीज तर येऊ द्या!"

पोरं खो खो हसली, मीही हसलो. जाणती माणसं हसली नाहीत. अण्णा खाली मान घालून बसला. "व्हय, ते बी खरंच," म्हणून आक्का खाली बसली.

घरी जाताना मी विचारलं, "अण्णा, तुझं तोंड का उतरलंय?"

"आपलं चुलवाण तसंच हाय की," तो म्हणाला. "गुऱ्हाळ वढ्याकडं नेलं, तवा बुजवायचं ऱ्हायलं. पावसानं भरलं, आन् आक्काची म्हस पडली त्यात. पाय मोडला. लई येळा सांगून गेली बिचारी."

"मग मला सांगायचं नाहीस?"

"दिवाळीला सांगितलं व्हतं. तू म्हनलास, बघू."

म्हणालो होतो खरा. बेळगावात राहून मी शिकलो तो त्याच गुळावर. आणि आक्कानं चारचौघांत आमचं नावसुद्धा घेतलं नव्हतं; आमची झाकली मूठ झाकलीच ठेवली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी संध्याकाळची एसटी काही मी चुकवली नाही. सोमवारी शाळेत तपासणी होती.

पुढच्या रविवारी फावडं घेऊन रानात गेलो. चुलवाण बुजलेलं होतं. आक्का आणि तिची सून पायांनी माती दाबत होत्या. आक्काच्या तळहाताला चिंध्या बांधलेल्या होत्या.

"आक्का, हे आमचं काम होतं," मी कसाबसा म्हणालो. "माझं चुकलं."

"असू द्या, मास्तर." तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "इतकी वर्सं वाट बघितली. त्या दिवशी तुमी हसलासा, तवाच म्हनलं, आता आपनच बुजवाय पायजे."