नानांच्या तारेतले कागद

बातमी आली तेव्हा मी महापालिकेच्या झोन ऑफिसच्या खिडकीवर उभी होते. अर्जाची एक प्रत आत गेली होती, दुसरीवर शिक्का व्हायचा होता. फोनवर नानांची नवागामची शेजारीण रडत म्हणाली, “बाई, नाना गयात...” खिडकीतला माणूस उद्या यायला सांगत होता, “बेन, काले आवजो.” मी हलले नाही. शिक्का घेतला, तारीख नीट उमटली का पाहिलं आणि मग जिन्यावर बसून पोटभर रडले. पोच न घेता परतले असते, तर सुकदेवनानांनी तिरडीवरून उठून मला पुन्हा रांगेत उभं केलं असतं.

सुकदेव शिरसाठ या पुरवणीच्या वाचकांना ठाऊक आहेत ते माहितीच्या अधिकारावर लिहिणारे म्हणून. मला ते भेटले यंत्रमाग कामगार म्हणून. मी तेव्हा गुजरातेतल्या एका मराठी शाळेत शिकवत होते. मागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेलेले, त्यामुळे त्यांची कुजबुजसुद्धा शेजारच्या दोन वर्गांना ऐकू जायची. एक दिवस मधल्या सुट्टीत ते अर्ज घेऊन आले. “बाई, यानं गुजराती करी द्या.” अर्जात एकच प्रश्न होता : आमच्या गल्लीतल्या दवाखान्यात डॉक्टर का येत नाही, आणि तुम्हाला लाज का वाटत नाही? मी हसू दाबत दुसरं वाक्य गाळलं आणि पहिलं गुजरातीत उतरवलं. उत्तर आलं, की ‘का’ याचं उत्तर म्हणजे माहिती नव्हे. नानांनी पुन्हा ‘का’ विचारलं. पुन्हा तेच उत्तर. खानदेशी माणूस हट्टाला पेटला की पेटला! अशी पाच-सहा उत्तरं जमली. गल्लीतले लोक त्यांना ‘कलेक्टर’ म्हणून चिडवायला लागले, आणि खोटं कशाला बोलू, मीही त्या हसण्यात होते.

मग त्यांनी कायद्याचं पुस्तकच आणलं. पाळी सुटली की यायचे, एकेक कलम माझ्याकडून समजून घ्यायचे. मी कंटाळले, ते नाही. एके दुपारी वर्ग चालू असतानाच दारातून ओरडले, “बाई, सापडनं! का इचारानंच नही. कागद मांगाना!” कार्यालयात जो कागद आहे, त्याची नक्कल मागायची, उत्तर त्या कागदातच असतं. पुढच्या अर्जात त्यांनी फक्त डॉक्टरांच्या हजेरीपटाची प्रत मागितली. ती आली. रोजच्या रोज सही, अगदी उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दिवशीसुद्धा! आणि त्या दिवशी दवाखान्याला कुलूप होतं, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, कारण गल्लीने पतंग उडवले होते ते त्याच दवाखान्याच्या गच्चीवरून. नानांनी तो कागद चौकात मोठ्याने वाचला. लोक हसून हसून खाली बसले. महिन्याभरात दवाखान्याला नवे डॉक्टर मिळाले आणि ते रोज येऊ लागले. ‘कलेक्टर’ हे नाव तसंच राहिलं, फक्त त्यातली टिंगल गेली.

ही हकिगत त्यांनी लिहून काढली आणि मला तपासायला दिली. मी बाई पडले शिक्षिका. शुद्ध, अलंकारिक करून टाकली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि परत केली. “हाई तुमनं शे बाई, मनं नही.” मला राग आला होता. पण छापून आलं ते त्यांचंच, आणि त्या लेखानंतर कोसाड-कामरेजहून लोक पत्ता विचारत आले. लेखांचं सदर झालं, सदराचं पुस्तक झालं, पुस्तक गुजरातीत गेलं. एका कॉलेजने त्यांना बोलावलं, तेव्हा पहिल्या रांगेत साहेब लोक बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले नाना उभे राहिले आणि म्हणाले, “मी सातवी पास.” सभागृह उठून टाळ्या वाजवत होतं. त्यांना त्या ऐकू आल्या की नाही कोण जाणे, पण दिसल्या नक्की. मला इतका अभिमान क्वचितच कुणाचा वाटला असेल.

शेवटच्या वर्षांत मात्र त्यांनी दुसऱ्यांचे अर्ज लिहिणं बंद केलं. सांगायचे, समजवायचे, पण पेन हातात घेत नसत. माणूस मोठा झाला, माजला, असं लोक बोलले. मीही भांडले. तेव्हा ते हळू, म्हणजे त्यांच्या मानाने हळू, म्हणाले, “बाई, मी लिखत ऱ्हायनू ते मनासंगे हाई बी सरी जाई.” हीच एक धास्ती होती त्यांना. कारण त्यांच्या घरातच, त्यांच्या पत्नी अंजनावहिनी सहीपुरतंच लिहायच्या. नानांच्या खाटेशी, भिंतीवर लोखंडी तार होती, दुकानात बिलं ओवतात तशी. तिच्यात शिक्क्याच्या सगळ्या प्रती. त्या पसाऱ्यावर वहिनी उभा जन्म करवादल्या.

गेल्या आठवड्यात वहिनींनी मला बोलावलं. हातात सरकारी पाकीट. वर नाव ‘श्रीमती अंजनाबेन सुकदेवभाई शिरसाठ.’ दवाखान्यातल्या बायकांच्या डॉक्टरीणबाई यायच्या बंद झाल्या होत्या. वहिनींनी त्यांच्या वारांच्या वेळापत्रकाची नक्कल मागितली होती. मंगळवार आणि शुक्रवार, असं कागदावर स्वच्छ होतं. आता तो घेऊन गल्लीतल्या बायका मंगळवारी दवाखान्याच्या दारात बसणार होत्या.

“अर्ज कोणी लिहिला?”

“मी,” वहिनी म्हणाल्या. “आख्खा दिवस लागना.”

तारेत सगळ्यात वर त्यांची प्रत होती. वाकडी, मोठाली, पेन दाबून लिहिलेली मराठी अक्षरं, खाली शेजारच्या पोराने उतरवलेलं गुजराती, आणि कुठेही ‘का’ नाही. शिक्क्यावरची तारीख पाहिली आणि बोटांवर दिवस मोजले... नाना जाऊन चौथा दिवस. मृत्यूनंतरचा जलदान विधीसुद्धा व्हायचा होता.

“घर मा पाव्हना व्हतात, तरी ऑफिसमा गऊ,” वहिनी म्हणाल्या. मग पदराने डोळे पुसून त्यांनी मला विचारलं, “बाई, त्या दिवसनी तुमनी पोच कोठे शे?”

नाना गेले त्या दिवशीची पोच माझ्या पर्समध्येच होती, घडी तशीच. मी काढून दिली. वहिनींनी ती तारेत आपल्या कागदावर ओवली आणि दोन्हींच्या कडा हाताने सारख्या केल्या.