बिजागरीतली अक्षत

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरी नाही, मैत्रिणींना नाही. वैशालीला तर नाहीच — आणि खरं म्हणजे पहिल्यांदा तिलाच सांगायला हवं होतं.

आमच्या कॉलेजने चहाच्या डब्याएवढा प्रायोगिक उपग्रह बनवला होता. पहिलाच प्रयत्न. अँटेना वैशालीची. वैशाली म्हणजे आमची ज्युनियर, सुरगाण्याची. सुताराच्या मोजटेपची पोलादी पट्टी कापून, दुमडून तिने ती एका छोट्या झाकणाखाली बसवली होती. वर गेल्यावर झाकण उघडणार, पट्टी ताठ होणार — तरच उपग्रहाचा आवाज खाली येणार.

मला मात्र तेव्हा फक्त मंदार दिसत होता. टीमचा प्रमुख. नाशिक रोडला बाबांबरोबर अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाटत मी वाढले. उपग्रहाची पूजा नको, म्हणून मी कॉलेजभर पत्रक वाटलं. त्या रागाने मंदारने उपग्रहावर कोरायच्या टीमच्या नावांतून माझं नाव काढलं. वर पूजेच्या दिवशी सगळ्यांसमोर — "काय पत्रकवाल्या बाई, आज तरी नाट लावू नका हं!" सगळे हसले. वैशालीही हसली — की मला तसं वाटलं?

हळद-कुंकू झालं, मंदारने नारळ फोडला, अक्षता पडल्या. नंतर सगळं पुसून तपासायचं काम माझं. भिंगातून दिसला — कुंकवात भिजलेला एक तांदूळ, झाकणाच्या बिजागरीत रुतलेला. चिमटा हातातच होता. काढायला कितीसा वेळ लागला असता? मी चिमटा खाली ठेवला आणि म्हणाले, सगळं ठीक आहे. विसरले नव्हते मी. मला मंदार तोंडावर आपटलेला बघायचा होता — त्याच्या नारळासकट.

उपग्रह वर गेला. खाली आली नुसती खरखर. मंदारचा चेहरा उतरला आणि मला — खोटं कशाला बोलू? — बरं वाटलं. आजही आठवलं की बरं वाटतं.

पण बोट गेलं वैशालीकडे. अँटेना तिची ना! मंदार नोकरीला लागला. तिला पुढच्या टीममध्ये घेतलंच नाही. "ताई, माझीच पट्टी कुठंतरी चुकली असंल," ती मला म्हणाली. मी मान हलवली. होकारार्थी.

पूजेविरुद्ध याहून मोठा पुरावा मला कुठे मिळणार होता? पण तो पाहिला होता फक्त मी. त्यावर पत्रक निघालं नाही.

टीम सोडून जाताना उरलेला मोजटेप वैशाली माझ्याकडे देऊन गेली, पुढच्या पोरींना लागेल म्हणून. तो माझ्या कपाटात आहे. मी तो कुणालाही दिलेला नाही.