वहिनींच्या लांब स्की

वहिनींनी मला फसवलं. चांगले दोन हिवाळे, माझ्यासमोर बसून, माझ्या हातचा चहा पीत फसवलं. कोपरगावच्या बाजारात बापाच्या भांड्यांच्या दुकानात मी लहानाची मोठी झाले. नवऱ्यामागून जपानात आले तेव्हा मला इथलं ओ की ठो कळत नव्हतं. आज टोकियोच्या एदोगावात माझं स्वतःचं भाड्याचं स्वयंपाकघर आहे आणि तिथून रोज ऑफिसांना डबे जातात. तांदूळवाला, गॅसवाला, जागेचा मालक, यांच्यापैकी कुणाची मला गंडवायची टाप नाही. आणि ज्या बाईला स्वतःच्या लेकीला 'चॉकलेट संपलं' एवढंही खोटं धड सांगता येत नसे, तिने मला फसवलं. माझा त्यांच्यावर राग आहे. तो गेलेला नाही आणि मी तो जाऊही देणार नाही.

वहिनी आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहायच्या. दोघींचे नवरे एकाच कंपनीत, म्हणून त्या 'वहिनी'. मी त्यांची 'ताई'. मूळच्या पुण्याच्या, तिथे शाळेत शिकवायच्या. इथे स्टेशनाजवळच्या बेकरीत अर्धवेळ कामाला जायच्या. अंगाने बारीक, उंची माझ्या खांद्याएवढी. आणि त्यांच्या तोंडी 'नको' हा शब्दच नव्हता. पुढ्यात काहीही ठेवा, "छान आहे की!" माझी मिसळ पहिल्यांदा खाल्ली तेव्हा डोळ्यांतून, नाकातून धारा लागल्या होत्या.

"वहिनी, तिखट झाली का हो?"

"छे! छान आहे की. जरा... पाणी मिळेल?"

कचऱ्याचंच घ्या. इथे कचरा वेगवेगळा करून ज्याच्या त्याच्या वारी ठेवावा लागतो, चुकला तर कचरेवाले पिशवीवर चिठ्ठी चिकटवून ती तशीच सोडून जातात. आमच्याकडे नव्याने आलेल्या एका कुटुंबाची पिशवी अशी दर आठवड्याला मागे राहायची. मी असते तर त्यांच्या दारात नेऊन आपटली असती. वहिनी ती गुपचूप वर न्यायच्या, घरी बसून बाटल्या वेगळ्या, प्लास्टिक वेगळं करायच्या आणि पुन्हा खाली ठेवायच्या. मी एकदा पकडलं त्यांना जिन्यात. म्हटलं, "अहो, सांगा ना त्यांना!" तर म्हणाल्या, "नवीन आहेत, ओशाळतील बिचारे. मला कुठे वेळ लागतो?"

अशा बाईने एक दिवस आपणहून काहीतरी मागितलं.

झालं असं, की कंपनीने सगळ्यांना सहकुटुंब निइगाताला बर्फात नेलं. मुलं घसरगाड्यांवर, नवरे फोटोंत, आणि मी गरम पाण्याच्या थर्मासपाशी. वहिनी मात्र कुंपणाजवळ उभ्या राहून वर बघत होत्या. वरच्या उतारावरून एक सत्तरीची जपानी आजी स्कीवरून खाली येत होती. डावीकडे वळायची, उजवीकडे वळायची, मध्येच थांबून देखावा बघायची, पुन्हा निघायची. कसली घाई नाही.

"ताई, मला असं उतरायचंय," वहिनी म्हणाल्या.

"जोरात?"

"नाही हो. हळू. वाटेल तिथे थांबता येईल असं. त्या तिथून, वरून."

त्यांना 'मला हवं' म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांच्या यजमानांचा करार दोन हिवाळ्यांत संपणार होता, मग पुणं. म्हणजे जे काही उतरायचं ते या दोन हिवाळ्यांतच. परत येताना बसमध्येच मी जाहीर केलं, "वहिनी, तुमच्या स्की मी घेऊन देणार." काही दिवसांनी त्या म्हणाल्या, की बेकरीतल्या बायका पहिल्या वर्षी भाड्याने घ्या म्हणतात. मी म्हटलं, "भाडं म्हणजे पाण्यात. वस्तू आपली असली की आपला जीव तिच्यात पडतो."

कोतोमध्ये एक जुन्या सामानाचं मोठं दुकान आहे, तिथे हिवाळ्याच्या तोंडावर स्कीची रांग लागते. दुकानातल्या बाईंनी वहिनींना विचारलं, किती वर्षं खेळता. वहिनींनी लाजून मान हलवली. बाईंनी एक आखूड जोडी काढली, वहिनींच्या हनुवटीला लावून बघितली, हाताने वाकवून दाखवली. फिकट पोपटी रंग होता. वहिनींनी तिच्यावरून असा हात फिरवला, जसा आपण दुसऱ्याच्या बाळाच्या गालावरून फिरवतो.

मी तिथेच ओळखलं, ही स्वस्तातली वस्तू आपल्या गळ्यात मारतायत.

बापाने मला भांडं पारखायला शिकवलं होतं. उचलायचं, वजन बघायचं, टिचकी मारून आवाज ऐकायचा. पत्र्याची वस्तू वाकते, ऐवज वाकत नाही. पोपटी जोडी मी उचलली तर हलकी फुलासारखी, आणि वाकत होती वेताच्या छडीसारखी. शेजारी त्याच किमतीची दुसरी जोडी उभी होती. काळी, वहिनींच्या डोक्याच्याही वर जाणारी, आत धातूचा थर असलेली. टिचकी मारली तर काय खणखणीत आवाज! वहिनींना म्हटलं, "तेवढ्याच पैशांत दीड वीत जास्त मिळतंय. आखूड घेणारा वेडा."

दुकानातल्या बाई म्हणाल्या, "या वेगाने जाणाऱ्यांसाठी आहेत. सुरुवातीला जरा... कठीण जाईल."

आता हे 'कठीण' म्हणजे जपानात ठाम नकार असतो, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं असं नाही. पण आमच्या बाजारात गिऱ्हाईक 'कठीण आहे' म्हणालं, की समजायचं आता जमतंय. माझ्या अंगात बाजार संचारला. मी भांडले. इथे घासाघीस करत नाहीत. आजूबाजूची माणसं कपाटांआड सरकली. मी काठ्या फुकट मागितल्या, बॅग फुकट मागितली. बाई वाकून वाकून माफी मागत आतून परवानगी आणायला जात होत्या. शेवटी सगळं मिळालं. बूटही मी एक माप मोठेच घेतले, लोकरीचे दोन मोजे बसतील म्हणून. आणि विजयी होऊन वळले.

"कशा आहेत, वहिनी?"

त्यांनी काळ्या जोडीकडे मान वर करून बघितलं. मग माझ्याकडे. माझा चेहरा तेव्हा लाल झाला असणार, घामही आला असणार.

"छान आहेत की," त्या म्हणाल्या.

इथले लोक स्की कुरियरने पुढे पाठवतात आणि हात हलवत जातात. वहिनींनी तसं विचारलंही. मी उडवून लावलं, "अहो, खांदा कशाला दिलाय देवाने?" बॅग ओळखू यावी म्हणून माझ्या जुन्या इरकलीचा लाल काठ मी तिला बांधून दिला. मग सुट्टीच्या दिवशी पहाटे वहिनी ती भली मोठी बॅग खांद्याला लावून निघायच्या. लिफ्टमध्ये ती तिरकी करावी लागायची. आधी रेल्वे, मग बस. संध्याकाळी परतल्या की माझ्याकडे चहाला. नाक लाल, डोळे चमकत असायचे.

"काय म्हणतायत स्की?"

"ताई, आज तीनदा वळले! न पडता!"

"बघा! वस्तू चांगली असली की असं होतं."

फोनमधले फोटो दाखवायच्या. सगळे फोटो कमरेपासून वरचे. मी इतकी चलाख, पण ते माझ्या लक्षात आलं नाही. गणपतीच्या कार्यक्रमात मी पन्नास माणसांसमोर ती सौद्याची गोष्ट रंगवून सांगितली. वहिनी शेजारीच मोदकांचं ताट धरून उभ्या होत्या. कुणीतरी म्हणालं, "वहिनी, नशीबवान हो तुम्ही, अशी मैत्रीण मिळाली." त्या म्हणाल्या, "आहेच मुळी."

दुसऱ्या हिवाळ्यात त्यांचा उजवा खांदा धरला. कप उचलताना डावा हात पुढे करायला लागल्या. मी तेल गरम करून चोळून द्यायचे आणि वर तोंडसुख घ्यायचे, "स्की पायांनी खेळतात. हात कशाला झाडता इतके?" वहिनी डोळे मिटून म्हणायच्या, "हो ना, माझंच चुकतं." जानेवारीत डॉक्टरांनी ओझं उचलायचं नाही म्हणून सांगितलं. त्यानंतर त्या बर्फात गेल्या नाहीत. मी म्हटलं, "इतक्या लवकर हार मानलीत?" त्या म्हणाल्या, "झालं की पुष्कळ." मार्चमध्ये करार संपला. जाताना बॅग माझ्या दारात ठेवून म्हणाल्या, "तुमच्याजवळच राहू दे, ताई."

पुढच्या हिवाळ्यात आमच्या मंडळींची एक सहल त्याच डोंगरावर गेली. डबे माझे होते, म्हणून मीही गेले, आणि म्हटलं बघू तरी, वहिनींची वस्तू आपल्याला वळते का. बॅग घेऊन निघाले. रेल्वे बदलताना दोनदा खांदा बदलला. बसच्या थांब्यावर पोचेपर्यंत हात बधिर झाला होता.

डोंगराच्या पायथ्याशी भाड्याने सामान देणाऱ्या जागी मी हातमोजे मागायला गेले. खिडकीतल्या बाईंनी इरकलीचा काठ पाहिला आणि उभ्याच राहिल्या.

"ही बॅग! त्या बाई आल्यात? बऱ्या आहेत?"

मी म्हटलं, त्या भारतात परत गेल्या, मी त्यांची मैत्रीण.

"अरेच्चा, तुम्हीच का त्या!" त्या इतक्या आनंदल्या, की सगळं भडाभडा सांगून टाकलं. पहिल्या दिवशी वहिनी या काळ्या स्की घालून लहान मुलांच्या उतारावर गेल्या. थांबताच येईना. थेट जाळीत जाऊन अडकल्या. बचाव पथकाच्या लोकांनी सोडवून आणलं. त्यानंतर दर वेळी त्या बॅग या खिडकीमागे ठेवायच्या आणि आखूड जोडी आणि मापाचे बूट भाड्याने घ्यायच्या. संध्याकाळी बॅग उचलून परत न्यायच्या. "मी विचारलं एकदा, वापरत नाही तर आणता कशाला? तर म्हणाल्या, मैत्रिणीने माझ्यासाठी मिळवल्यात, घरी टाकून कसं येऊ? यांनाही बर्फ बघू दे."

खिडकीतल्या बाई खूप हसल्या. मग म्हणाल्या, "छान वळायला लागल्या होत्या. फेब्रुवारीत वर जाणार होत्या, आम्ही दोघी मिळून. मी वाट बघितली."

मी स्की बॅगेतून काढल्याच नाहीत. वरच्या उताराकडे मात्र बघत बसले. माणसं येत होती, मध्येच थांबत होती, पुन्हा निघत होती. डबे कुणी वाटले, मला आठवत नाही.

बसमधूनच मी पुण्याला फोन लावला. हॅलो नाही, काही नाही.

"वहिनी, तुम्ही मला फसवलंत!"

पलीकडून हसू. "कळलं वाटतं. कशा आहेत हो त्या खिडकीतल्या बाई?"

"हसू नका! एक शब्द सांगायचा होतात. मी ती वस्तू परत नेऊन त्यांच्या तोंडावर मारली असती, पोपटी आणली असती!"

"म्हणून तर नाही सांगितलं," त्या म्हणाल्या. "त्या दुकानातल्या बाईंचा काय दोष? आणि ताई, माझ्यासाठी आजवर कुणी असं भांडलं नव्हतं. लग्नाची बोलणी झाली तेव्हाही नाही. तुम्ही घामाघूम झाला होतात. मला त्या काळ्या जोडीचं काय, तेच आवडलं होतं."

"आणि खांदा? आणि तो वरचा उतार?"

"ताई, तुम्ही जेवलात का?"

आता सांगा. हे काय उत्तर झालं? बाजारात वस्तू खराब निघाली, तर गिऱ्हाईक परत येतं, शिव्या देतं, आपण बदलून देतो आणि हिशेब मिटतो. या बाईने मला परत यायची, बदलून द्यायची संधीच दिली नाही. पहाटेच्या गाडीत माझा मोठेपणा खांद्यावर घेऊन उभी राहिली आणि त्या वरच्या उतारावरून यायला तिच्याकडे हिवाळाच उरला नाही. मी गेले वर्षभर दर रविवारी फोन करते. पाऊस, मुलगी, बेकरी उघडायचा विचार, सगळं बोलतात. त्या गोष्टीवर आलं, की विषय बदलतात. अजून उजव्या हाताने वेणी घालता येत नाही, हे मला त्यांच्या लेकीकडून कळलं.

वहिनी, हे तुम्ही वाचालच. पुढच्या रविवारी फोन मी करणार नाही, तुम्ही करायचा. खांद्याबद्दल विचारायचं. तुमच्या त्या फेब्रुवारीबद्दल विचारायचं. हवा तेवढा आवाज चढवायचा. मी मध्ये बोलणार नाही. पण एकदा तरी मला जाब विचारा.