पडद्यामागची ओवाळणी

ऐन दिवाळीत आमच्या घरचा रेडिओ माझ्या हातून मेला.

निजामाच्या राज्यात उमापुरात रेडिओ एकच, आणि तो आमच्याकडे. त्याची बॅटरी भरून आणायची तर बैलगाडी जुंपून बीड गाठावं लागे. ती भरून आणलेली बॅटरी मी दोस्तांना गाणी ऐकवून पाडव्यापर्यंत साफ संपवली. (दोस्त "वा बे!" म्हणायचे. तेवढ्यावर मी घरसुद्धा विकलं असतं!) पंचाईत अशी, की भाऊबीजेच्या संध्याकाळी रेडिओवर दरवर्षी एकच नाटक लागायचं. वादळात सापडलेला भाऊ बहिणीच्या दारी ओवाळून घ्यायला येतो, हे ते नाटक. सारं गाव आमच्या अंगणात बसून ते ऐकायचं आणि दरवर्षी त्याच जागी रडायचं. त्यात त्या वर्षी अंबाजोगाईचे पाहुणे आलेले! माझ्या बहिणीचं, सुशीचं, त्यांच्या माधवरावांशी जमलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साखरपुडा होता.

"पाव्हण्यांना मोठ्या तोंडानं रेडिओ हाय म्हणून सांगितलं मी," आप्पा म्हणाले. "आता काय, नुसतं खोकं दाखवू?"

"आप्पा, नाटक सगळ्यांना पाठ हाय. आपुनच करू की!" मी म्हणालो. माझं डोकं असंच चालतं, त्याला इलाज नाही.

गाव तयार झालं, पण अट घालून. "माणसं दिसली तर त्यो रेडिओ कसला?" म्हणून ओसरीवर जाजमाचा पडदा बांधला, पुढे स्टुलावर रेडिओ ठेवला आणि त्याला झेंडूचा हार घातला. (हार मेलेल्यालाही घालतात, हे कुणाला सुचलं नाही.) वादळासाठी चांदभाई कल्हईवाले आपला भाता आणि एक पत्रा घेऊन आले. बहिणीचं काम माझ्याकडे, कारण घरची बाई नाटकात बोलली तर लोक काय म्हणतील! ताट फिरताना बांगड्या वाजायला हव्यात, म्हणून आईच्या हिरव्या बांगड्या साबण लावून मनगटात चढवल्या. भावाच्या कामाला मात्र खड्या आवाजाचा माणूस मिळेना.

तेवढ्यात माधवराव लाजत म्हणाले, "मला येतं ते सगळं. मला सख्खी बहीण नाही ना, म्हणून मी दरवर्षी मन लावून ऐकतो."

झालं! होणारे जावई पडद्याआड!

सुरुवात तर झकास झाली. पत्रा असा गडगडला, की दोन म्हाताऱ्या अंगणातली वाळवणं गोळा करायला उठल्या. मग वारा सुरू झाला. चांदभाईंनी इतक्या उमेदीनं भाता मारला, की त्यातली सगळी जुनी राख थेट माझ्या तोंडात!

"ताई, दार उघड!" माधवराव गरजले.

मी तोंड उघडलं, तर नुसतं "ख्यँऽ"!

"ताई, दार उघड गं! मी पार भिजलोय!"

पुन्हा "ख्यँऽ". बाहेर कुजबुज सुरू झाली. माझ्यामागे स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या सुशीला काही हे बघवेना. आणि तीच बोलायला लागली! काय बोलली पोरगी! मी पेटत्या दिव्याचं ताट फिरवलं, पडद्याच्या कडेनं उजेड हलला, बांगड्या वाजल्या, सुशी गहिवरून म्हणाली, "भाऊराया, माझं आयुष्य तुला लागो!" सगळं अंगण नाक ओढायला लागलं.

"बंद करा!"

या माधवरावांच्या आत्याबाई. त्यांनीच त्यांना वाढवलेलं, त्यामुळे त्यांचा शब्द त्या घरात शेवटचा.

"ह्यो आवाज पोरीचा हाय. आज भाऊबीज. भाऊराया म्हणाली, ओवाळलं, बांगड्या मी माझ्या कानांनी ऐकल्या. आता हिचं लगीन माझ्या माधवशी? भावाशी?"

"आवो, नाटक हाय ते!" आप्पा काकुळतीला आले.

"दिवा खरा, दिवस खरा, मग ओवाळणं खोटं कसं?"

"आत्याबाईंचं बरूबर हाय," गाव म्हणालं. (फराळ आमचा खाऊन!)

सुशी दारातच मटकन बसली. "आण्णा, कावून केलंस रे हे?" म्हणून हुंदके द्यायला लागली. तिला माधवराव मनापासून आवडले होते, हे मला ठाऊक होतं. लाजेनं मला मान वर करवेना.

चांदभाईंनी मला कोपरानं ढोसलं. "आण्णा, ताट तुमच्या हातात हाय ना? मंग जावा की भायर!"

"बांगड्या काढून जातो," मी कसंबसं घोगऱ्या आवाजात म्हणालो.

बांगड्या निघेनात! हात सुजलेला. शेवटी तोंडाला राख, हातात बांगड्या आणि ताटात दिवा, असा मी पडद्याबाहेर आलो. दोस्तांपैकी एक ओरडला, "आरं, हिला पण उजवून टाका बे!" आईनं तोंडावर पदर घेतला.

"आत्याबाई, ओवाळलं मी," मी म्हणालो. "सुशी नुसती बोलली."

त्यांनी माझा हात दिव्याजवळ धरून उलटासुलटा केला, बांगड्या ओढून पाहिल्या. मी "आई गं!" म्हणालो तेव्हा त्यांची खात्री पटली.

"बोलून कुणी भाऊ होत न्हाई, ओवाळून होतो," त्यांनी निकाल दिला. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच पुढे म्हणाल्या, "पण अर्धवट ठेवायचं न्हाई. माझ्या पोराला पयल्यांदा बहीण मिळालीय. पाट मांडा!"

सगळ्या गावादेखत मी माधवरावांना कुंकू लावलं, ओवाळलं. त्यांनी गंभीर चेहऱ्यानं मला नमस्कार केला आणि ताटात एक खण घातला. लोक हसून हसून लोळत होते. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. सकाळी सुशीचा साखरपुडा मात्र थाटात झाला.

तेव्हापासून दर भाऊबीजेला दोघं येतात. सुशी मला ओवाळते आणि मग सगळं घर माझ्याकडे बघत बसतं. मी मुकाट्यानं उठून ताट घेतो. यंदा मात्र मेव्हण्यांना स्पष्ट सांगितलं, खण जरा बघून आणत चला, मागच्याचा रंग एका धुण्यात गेला!